एकसष्ट अडथळे

“बाई, ही शेळी अजून खड्ड्यात आहे का?”

तपासणीला आलेल्या बांधकाम खात्याच्या साहेबांनी हा प्रश्न इतक्या शांतपणे विचारला की मी उठून खड्ड्यात डोकावूनच आले.

“नाही साहेब.”

“कधी निघाली?”

“त्याच दिवशी. जेवणाच्या आधी.”

“मग इथं ते का नाही?” त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. रकाना कोरा होता. त्याच्या वरचा कोरा होता, खालचाही कोरा. साहेबांनी एकेक पान उलटलं. एकवीस पानं, एकसष्ट नोंदी, आणि शेवटचा रकाना धुतल्या धोतरासारखा पांढरा.

ही गोष्ट नव्वद सालची. आमच्या हुंबरवाडीच्या ओढ्यावर पूल होत होता, आणि मी, चोवीस वर्षांची शालन, तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये ‘हिंडरन्स रजिस्टर’ लिहीत होते. सरकारी बांधकामात हे रजिस्टर लागतंच. काम कशामुळे अडलं, कधी अडलं, आणि अडथळा कधी दूर झाला, हे त्यात लिहायचं. ते पाहून कंत्राटदाराला मुदत वाढवून मिळते.

आमचे कंत्राटदार तवनाप्पा चौगुले. त्यांना सगळे आण्णा म्हणायचे. जन्मभर विहिरी आणि गोठे बांधलेला माणूस. पूल हा त्यांचा पहिलाच. मुदत त्याच आठवड्यात संपत होती आणि काठावरचा शेवटचा खांब अजून जमिनीतून वर यायचा होता. साहेबांची दुसऱ्या दिवशी बदली होती. नवे साहेब येणार होते ते असल्या वह्या वाचत नाहीत, सरळ काम काढून घेतात, अशी त्यांची ख्याती त्यांच्या आधी येऊन पोचली होती. म्हणजे आण्णांचा पूल राहायचा की जायचा, ते त्या दिवशी संध्याकाळच्या आत ठरणार होतं. आणि ते माझ्या वहीवर ठरणार होतं.

आता माझ्या इंग्रजीबद्दल सांगायला हवं. दहावीला मी इंग्रजीत दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा घरच्यांनी फॉर्मच भरला नाही. मग एक दिवस वाण्याकडून आणलेल्या जिऱ्याची पुडी सोडली तर कागदावर इंग्रजी शब्द आणि पुढे मराठी अर्थ. मी तशीच पळत दुकानात गेले. वाण्यानं रद्दीत घेतलेली डिक्शनरी पुड्या बांधायला काढली होती. ‘ए’पासून ‘जी’पर्यंतची पानं गावभर जिरं, मोहरी आणि हळद घेऊन गेली होती. उरलेली, ‘एच’पासूनची, मी घरी आणली आणि चार वर्षं वाचली. त्यामुळे माझं इंग्रजी ‘एच’पासून पुढे उत्तम होतं. अलीकडचं शाळेत शिकवलं तेवढंच.

आण्णांनी कामाला ठेवताना एकच प्रश्न विचारला होता, “हिंडरन्स म्हंजे काय?”

देवाची करणी, तो शब्द ‘एच’मध्येच होता. “अडथळा, खोळंबा, अटकाव, मोडता, विघ्न,” मी धडाधड सांगितलं.

“एका शब्दाचे पाच?” आण्णा खूश झाले. “मग यातलं कुठलं लिवायचं?”

यावर आम्ही तिघांनी, म्हणजे आण्णा, दौलू मुकादम आणि मी, अर्धा दिवस चर्चा केली. शेवटी असं ठरलं की वाटेत पडतो तो अडथळा. वेळ जातो तो खोळंबा. पोलीस करतात तो अटकाव. देव आणतो ते विघ्न.

“आन् मोडता?” दौलूनं विचारलं.

“मोडता नातेवाईक घालतात,” आण्णा म्हणाले.

“इंग्रजांना सगळ्याला एकच?”

“त्यांस्नी नातेवाईक कमी असतील.”

तर त्या एका शब्दाखाली मी आठ महिने सगळं लिहीत गेले, मन लावून. आठवड्याला ओव्हरसियर यायचे, चहा घ्यायचे, पानाखाली सही करायचे. वाचायचे कधीच नाहीत. आता साहेब वाचत होते, आणि मोठ्यानं वाचत होते.

“नोंद सात. ‘गोट इन पिट. नॉट इन्टरेस्टेड इन आउट.’” त्यांनी चष्मा पुसला. “नोंद बारा. ‘लेडी ऑक्स ऑफ म्हादू पाटील सिटिंग ऑन सॅन्ड.’ लेडी ऑक्स म्हणजे काय?”

“म्हैस, साहेब.”

“म्हशीला शब्द आहे.”

“असणार. पण तो ‘एच’च्या अलीकडे असेल.”

साहेबांना यातलं काही कळलं नाही, पण ते पुढे गेले. “नोंद एकवीस. ‘स्नेक. नॉट स्नेक, रोप. लेबर स्टिल रनिंग.’” ते थांबले. “हे मजूर अजून पळतायत?”

“नाही नाही. दुसऱ्या दिवशी आले. दोघं तिसऱ्या.”

“बाई, मग हे लिहिलं का नाही?”

मी आण्णांकडे पाहिलं. आण्णा टोपी काढून हातात धरून उभे होते.

“सायब, ती चूक माझी,” ते म्हणाले. “ह्या पोरीनं पयल्याच दिवशी विचारलं हुतं. मीच म्हटलं, आलेल्याची नोंद ठेव, गेलेल्याची कशाला? पावणा आला तर गावभर सांगतो आपण. गेला म्हणून कोण सांगतं?”

साहेब हसले नाहीत. पेन खिशाला लावत म्हणाले, “चौगुले, ऐका. सुरू कधी आणि संपला कधी, या दोन तारखांमधले दिवस मी मोजणार आणि तेवढी मुदत देणार. दुसरी तारीखच नसेल तर या वहीप्रमाणं आज या क्षणी तुमच्या पुलावर एक शेळी, एक म्हैस, दोन वराती आणि पळणारे सतरा मजूर आहेत. मग हे चार खांब उभे कसे राहिले? यावर मी सही केली तर बदलीच्या जागी मला वेड्यांच्या दवाखान्यातूनच जावं लागेल.”

आण्णांचा चेहरा पडला. मला वाटलं, आठ महिने हा माणूस रोज सकाळी येऊन खांबाला हात लावून बघायचा, पोराच्या कपाळाला लावावा तसा, आणि त्याचा पूल माझ्या एका कोऱ्या रकान्यात बुडणार.

“आत्ता भरला तर?” मी विचारलं.

“खरा भराल?”

“खराच. गावाला सगळं आठवतं.”

साहेबांनी घड्याळ पाहिलं. दुपारचा एक वाजला होता. “सहा वाजता माझी जीप निघेल. प्रत्येक नोंदीला ज्याचा त्याचा माणूस समोर हवा. माझ्या समोर.”

दौलू मुकादम सायकलवर बसला आणि ओरडत गावात घुसला, “ज्येंनी ज्येंनी पुलाला अडथळा केलाय, त्येंनी शेडवर या! सायब बोलावत्यात!”

मला वाटलं, आता गाव दारं लावून घेणार. सरकारी माणसासमोर कोण कबूल करील? पण अर्ध्या तासात माणसांची रीघ लागली. ज्यांनी अडथळा केला होता ते आले, ज्यांनी केला नव्हता ते त्यांच्या मागून आले. म्हादू पाटील तर फेटा बांधून आले.

“माझ्या म्हशीचं वाच,” ते म्हणाले.

मी वाचलं.

“नाव हाय माझं!” पाटलांनी मागं वळून गर्दीला सांगितलं. “इंग्लिशमदी हाय!”

“पाटील, म्हैस उठली कधी?”

“मंगळवारी सकाळी बसली. बुधवारी गडहिंग्लजला बाजाराला गेलो तवा वाळू मोकळी हुती. म्हंजे त्याच दिशी उठली. सांजच्याला. धार काढायला ती आपणहून येती, तेवढी तिला अक्कल हाय.”

मी तारीख घातली. एक झाली.

मग शेळीवाला तुका आला. मग ज्यांची वरात दोन तास पुलाच्या वाटेवर नाचत होती ते नवरा-नवरी आले, तिच्या कडेवर आता बाळ नसलं तरी येण्याच्या बेतात होतं. वरातीच्या नोंदीत मी लिहिलं होतं, ‘मॅरेज. होल व्हिलेज टू मॅरेज. लेबर ऑल्सो. मी ऑल्सो.’ साहेबांनी ‘मी ऑल्सो’वर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं.

“जिलेबी होती साहेब,” मी म्हटलं.

सगळं सरळ चाललं होतं तेवढ्यात मागून शंकऱ्या मगदूम पुढे घुसला. “माझ्या बैलाचं वाच.”

मी पानं चाळली. “तुमच्या बैलाचं नाही.”

“नाही म्हंजे? दोन दिस आडवा बसला हुता की वाटंत!”

“बसला होता. पण आम्ही वळसा घालून गेलो. काम थांबलं नाही.”

“म्हंजे पाटलाची म्हैस तेवढी अडथळा, आन् माझा बैल काय वाऱ्यावर आलाय? सायब, हा अन्याव हाय. गरिबाच्या जनावराची नोंद न्हाई!”

“न्हाईच,” पाटील म्हणाले. “आडवं बसायला पण वजन लागतं.”

मग दोघं एकमेकांच्या जनावरांच्या आईबापांवर गेले. दौलूनं मध्ये पडून शंकऱ्याला बाजूला नेलं आणि चहा दिला. साहेब रुमाल तोंडाशी धरून बराच वेळ खोकत होते. त्यांना खोकला नव्हता.

साडेचारला साठ नोंदी पुऱ्या झाल्या. तारखा खऱ्या होत्या. कुणी कुळवाच्या दिवसावरून सांगत होता, कुणी जत्रेवरून, कुणी बायको माहेरी गेली त्यावरून. गाव एकमेकांचं खोटं चालू देत नव्हतं. मी घामानं चिंब झाले होते आणि मनातून अशी हलकी झाले होते, जणू त्या सगळ्या शेळ्यामेंढ्या आठ महिने माझ्याच अंगावर बसल्या होत्या.

“एक राहिली,” साहेब म्हणाले. “सगळ्यात पहिलीच. ‘ओल्ड लेडी सिटिंग ऑन स्टोन. नॉट मूव्हिंग.’ ही कधी उठली?”

सगळ्यांनी ओढ्याकडे बघितलं. शंकऱ्या मगदूमनंसुद्धा.

आण्णांनी नुसता हात पुढे केला. तिथं, शेडपासून पन्नास पावलांवर, जिथं पाचवा खांब यायचा होता बरोबर तिथंच, धुण्याच्या दगडावर निंगव्वा बसली होती. आठ महिने बसलेली होती. सकाळी न्याहारी करून यायची, दिवस मावळायला जायची. आम्ही बाकीचे चार खांब तिच्या भोवतीनं बांधले होते.

“तिला सांगितलं नाही?”

“मी पाया पडलो सायब,” दौलू म्हणाला. “रोज पडतो. आता तर ती पाय पुढं करूनच ठेवती.”

“मी लुगडं दिलं,” आण्णा म्हणाले. “घेतलं तिनं. त्याच दगडावर धुतलं, आन् वाळत घालून परत बसली.”

“पोलीस?”

“म्हातारीवर?” आण्णांनी नुसती मान हलवली. “पूल नको मग मला.”

साहेबांनी वही मिटली. “चौगुले, साठ अडथळे गेले, ते मी लिहून घेतो. पण खांबाच्या जागी माणूस बसलाय तोवर मुदत देऊन उपयोग काय? नवे साहेब आठ दिवसांत येऊन बघतील, ती तिथंच असेल आणि काम काढून घेतील. ही उठायला हवी. आजच.”

पाच वाजले होते.

मी वही छातीशी धरली आणि निंगव्वाकडे गेले. माझ्यामागून आण्णा, साहेब, दौलू आणि सगळं गाव. निंगव्वानं कपाळावर हाताचा आडोसा धरून आमच्याकडे पाहिलं. ती सत्तरीच्या पुढं होती. नवरा मेलेला, पोरगी बेळगावकडे दिलेली.

“आली व्हय शालने? आज लई वराड आणलंस.”

“निंगव्वा, तुझं वाचून दाखवू?”

“माझं? त्यात माझं पण हाय?”

“सगळ्यात पहिलं. एक नंबर.”

ती ताठ बसली. “पाटलाच्या म्हशीच्या आदी?”

“कितीतरी आधी.”

“वाच.”

मी इंग्रजीत वाचलं, मग अर्थ सांगितला. म्हातारी बाई दगडावर बसली आहे, हलत नाही. निंगव्वानं ऐकलं आणि समाधानानं मान डोलावली. “खरं लिवलंस. हलत न्हाई म्हंजे न्हाई. आन् ही मोकळी जागा कसली?”

“तू उठलीस की तिथं तारीख लिहायची.”

“आन् काय?”

“तारीखच.”

“नुसती?”

“नुसती.”

निंगव्वानं त्या कोऱ्या जागेवर बोट टेकवलं. मग म्हणाली, “बसली तर एवढं लिवायचं, आन् उठली तर नुसता आकडा?”

तिनं ओढ्याकडे तोंड केलं आणि हळू आवाजात, मलाच फक्त ऐकू येईल असं बोलली.

“शालने, नळ आला तवापास्नं हितं धुवायला कोण येत न्हाई. आदी आमी तेरा बायका असायचो. तुझी आय असायची. मग मी एकलीच यायची. सा वर्सं. मग हे पूलवालं आलं आन् म्हणालं, उठ. दौलू पाया पडतोय, आण्णा बसून घरची इच्यारपूस करतोय, तू येतीस, पोरं येत्यात. आता आख्खा गाव आलाय. म्या उठली की उद्या कोण यील गं माझ्याकडं?”

आठ महिने मी तिला रोज बघत होते. तिची नोंद रोज माझ्या डोळ्यासमोर होती. ती खांबाला अडवून बसलीय एवढंच मला दिसलं होतं. ती माणसांना अडवून धरत होती, जाऊ नका म्हणून, हे मला कुठल्याही अक्षराखाली सापडलं नव्हतं.

मी खाली तिच्या शेजारी ओल्या वाळूतच बसले. “निंगव्वा, हा दगड शेडच्या दारात मांडला तर?”

“दारात?”

“दारातच. मजूर चहाला तिथंच येतात. तीस माणसं. दौलू हजेरी घेतो. आण्णा बसतात. मी तर दिवसभर आतच असते. तिथं बसून तू आम्हाला दिवसभर शिव्या घाल.”

“आन् पूल झाल्यावर?”

तेव्हा आण्णा पुढे आले. ते गुडघे धरून तिच्यासमोर उकिडवे बसले. “पूल झाल्यावर दगड पुलाच्या तोंडाशी ठेवतो, बाई. पल्याडच्या तीन वाड्या ह्याच वाटेनं बाजाराला जाणार. तुला विचारल्याबिगर कोण पुढं गेला तर मला सांग.”

निंगव्वानं विचार केला. सगळं गाव तिच्याकडे बघत होतं. तिला ते आवडत होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं, आणि ती मुद्दाम वेळ लावत होती हेही.

“बरं,” ती शेवटी म्हणाली. “पर नुसता आकडा लिवायचा न्हाई. म्या कशी उठली ते लिवायचं. सगळं.”

मी साहेबांकडे पाहिलं. “साहेब, हा रकाना तारखेचा आहे.”

“माहीत आहे.”

“मावणार नाही.”

“बारीक लिहा,” साहेब म्हणाले.

निंगव्वा उठली. दौलूनं हात पुढे केला तो तिनं झटकला. गुडघ्यावर हात ठेवून, मोठा श्वास घेऊन, आपल्या आपण उभी राहिली, पदर सारखा केला आणि मला म्हणाली, “लिव.”

मी उभ्या उभ्याच लिहिलं. ‘ओल्ड लेडी, नेम निंगव्वा, रोझ. नो पुलिंग, नो पुशिंग. ऑन ओन लेग्ज. होल व्हिलेज लुकिंग.’ आणि तारीख. वेळ पाच वाजून चाळीस मिनिटं. तिला अर्थ सांगितला. “होल व्हिलेज” तिनं दोनदा म्हणायला लावलं.

मग आठ गड्यांनी पहारी घालून दगड उपटला, काथ्याचा फास टाकून बांबूवर घेतला आणि शेडकडे चालू लागले. पुढं निंगव्वा, लग्नात नवरदेवाची आई चालते तशी. मागं म्हादू पाटील आणि शंकऱ्या मगदूम, एकाच बांबूला खांदा देऊन, अजून भांडत. वाट अरुंद. त्या वाटेत मधोमध साहेब उभे होते, वही हातात धरून, माझी शेवटची नोंद पुन्हा वाचत. त्यांना भान नव्हतं.

निंगव्वा त्यांच्यासमोर जाऊन थांबली. मागचा दगड थांबला. गडी कण्हू लागले.

“सायब,” ती म्हणाली, “आडवं हुबारलाय. सरका.”

आण्णांनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी वहीतून मान वर केली, म्हातारीकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं, आणि एक पाऊल बाजूला बोरीच्या काट्यात ठेवून उभे राहिले. वरात पुढे गेली. पँटीचे काटे काढत साहेबांनी वही आणि पेन माझ्या हातात दिलं.

“लिहा बाई,” ते म्हणाले. “नोंद बासष्ट. मी. पाच पंचावन्न ते पाच पंचावन्न.”

मी लिहिलं. दोन्ही रकाने एका दमात. त्यांनी जीपच्या बॉनेटवर वही ठेवून त्याखाली सही केली, मग तीन महिन्यांच्या मुदतवाढीवर केली, आणि तो कागद आण्णांच्या हातात दिला. आण्णांनी तो दोन वेळा उलटसुलट बघितला, घडी घातली, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला. मग चार खांबांच्या पलीकडे, रिकाम्या झालेल्या पाचव्या जागेवर गेले आणि दगड उपटलेल्या खळग्यात साचलेल्या पाण्यात पाय सोडून बसले.

शेडच्या दारातून निंगव्वाचा आवाज येत होता, “अरं तिरका लागलाय! उचला परत!”